गोल्फमध्ये चिप मारताना क्लब मातीत रुततो, नाहीतर चेंडू ग्रीनपार जातो

ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) कडेवरून चिप (छोटा, हलका उडता फटका) मारली की क्लब चेंडूआधीच जमिनीत रुतायचा, नाहीतर चेंडूच्या पोटाला लागून तो थेट ग्रीनपलीकडे. वैताग नुसता! ५६ अंशांची वेज (बऱ्याच तिरप्या तोंडाचा क्लब) घेतली, मनगटं आवळून पाहिली, फरक शून्य. मूळ एकच: चेंडू उचलायच्या नादात वजन मागच्या पायावर जातं आणि स्विंगचा तळ (क्लब सगळ्यात खाली येतो ती जागा) चेंडूमागे पडतो.

आधी चेंडू कुठे टेकवायचा ते ठरवा. मग पावलं जवळ, चेंडू मधोमध. साधारण ७० टक्के वजन पुढच्या पायावर, आणि शॉट संपेपर्यंत तिथेच (खरी मेख ही). चेंडूमागे वीतभर अंतरावर टॉवेल पसरा. त्याला न शिवता मारा. छाती लक्ष्याकडे वळू द्या. उंची लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) देतो.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) मात्र हे नको. तिथे क्लब चेंडूमागेच वाळूत उतरायला हवा.