पऱ्हाटीचा हंगाम येतोय, ब्रिकेटवाल्यांनी एवढं करून ठेवा

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतकरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, उपटायला लागतात; तिचाच चुरा दाबून आपण ब्रिकेट, म्हणजे बॉयलरच्या जळणाच्या कांड्या, करतो. तुमची तयारी त्याआधी झालेली हवी. वीज, मजूर, वजनकाटा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर बोलत नाही.

मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, आधी घ्या. गेल्या हंगामात आमच्याकडे तेवढाच घ्यायचा राहिला आणि ओला माल कोरड्याच्या भावात आत आला. २५ टक्के ओलीचा १० टन माल १० टक्क्यांवर वाळला की साधारण ८ टन ३३० किलो उरतो; पैसे १० टनांचे गेलेले असतात. ट्रॉलीच्या वरच्या थरात मीटर खुपसून समाधान मानू नका. वरची काडी उन्हानं कडकडीत होते. कोपरापर्यंत हात घाला, मधली काडी मोडून बघा: ओली असली तर ती नुसती वाकते, साल सोलून हातात येते. नमुना तिथलाच. मीटरबद्दल शंका असेल तर १०० ग्रॅम चुरा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. गेले तितके ग्रॅम, तितके टक्के ओल. ओलीप्रमाणे भाव गाडी भरण्याआधी शेतकऱ्याला सांगा. गाडी खाली झाल्यावर पैसे कापणं हा अन्याय आहे.

कुट्टी, म्हणजे काड्यांचे बारीक तुकडे, शक्यतो शेतातच करा. आख्खी पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी पुढच्या कापसावर येते. मुळांची माती झटकून घ्या, ती डाय (प्रेसचा साचा) झिजवते. तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) ढीग वेगळा.

ताडपत्र्या फेब्रुवारीतच आणा. गारपीट जूनची वाट बघत नाही. ओला ढीग आतून तापतो, धुमसतो. आणि पुन्हा सांगतो, ओल मोजा! ओला चुरा प्रेसमध्ये गेला की वाफ कोंडते, कांडी तडकते, बॉयलरपर्यंत भुगा पोचतो आणि गाडी परत येते.

पेलेट (ब्रिकेटपेक्षा बारीक जळणाच्या कांड्या) करणार असाल तर २०२१ च्या केंद्राच्या धोरणानंतर औष्णिक वीजकेंद्रं पेलेट घेतात, पण निविदेतली ओल, राख आणि उष्मांकाची अट सही करण्याआधी वाचा. मशीन बंद करताना तेलकट भुसा फिरवा, नाहीतर डायची भोकं बुजतात.

बाकी लोहचुंबक, अग्निशामक, विमा. बेअरिंगवरची धूळ रोज झाडा. मीटरचे सेल जादा ठेवा आणि रात्रपाळीच्या गेटवरच्या माणसालाही तो वापरायला शिकवा.