नोट्सच्या अ‍ॅपला पैसे भरताय? या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना संगणक शिकवतो. नवी बॅच आली की प्रश्न ठरलेला: "सर, नोट्सच्या अ‍ॅपचं प्रीमियम घेऊ का?" मी विचारतो, आत्तापर्यंत किती नोट्स काढल्या? "अजून सुरुवात करायचीय."

पैसे भरले की लिहायची सवय लागेल, हा समज मी वर्षानुवर्षं फुटताना पाहतोय. पहिला आठवडा रंगीत लेबलं लावण्यात जातो, दुसरा दुसऱ्याचे टेम्प्लेट्स उतरवण्यात, आणि राज्यघटनेचं एक कलमही लिहून होत नाही. घाई करणाऱ्यांना हे ऐकायचं नसतं, तरी सांगतो: आधी महिनाभर फुकटात लिहा. गुगल कीप आहे. वननोट आहे, त्यात ५ जीबीपर्यंत जागा मोफत मिळते. ऑब्सिडियनसुद्धा फुकट वापरता येतं. पैसे पडतात ते फक्त त्यांच्या सिंकला, म्हणजे एका यंत्रावर लिहिलेलं दुसऱ्यावर आपोआप दिसण्याला.

माझी सवय अशी. वहीच्या शेवटच्या पानावर "अडलं" असा रकाना. फुकटच्या अ‍ॅपने जिथे अडवलं तिथे तारीख आणि कारण. दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात सहा वेळा एकच कारण आलं: फोनवर लिहिलेलं लॅपटॉपवर वेळेत दिसत नाही. तेव्हा सिंकचे पैसे भरले, आजही भरतो. रकाना रिकामा असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

दुसरी चूक जास्त महागात पडते: बाहेर पडायचा रस्ता न तपासता आत शिरणं.

माझा मावसभाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. निर्यातीची बाग म्हणजे ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत नोंदणी आली आणि प्रत्येक फवारणीची नोंद आली: तारीख, औषध, प्रमाण, काढणीआधी किती दिवस. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झाली तेव्हा त्याने एका अ‍ॅपची तीन महिन्यांची सवलतीची योजना घेतली. नोंदी मनापासून लिहिल्या, बाटलीच्या लेबलाच्या फोटोसकट. जानेवारीत मुदत संपली. पुढे मण्यांत पाणी उतरलं, म्हणजे द्राक्षं पिकायला लागली, निर्यातदाराच्या माणसाने नोंदी मागितल्या. अ‍ॅपमध्ये त्या दिसत होत्या, पण सगळ्या एकदम बाहेर काढायची सोय फक्त प्रीमियमला. त्याने पुन्हा महिन्याचे पैसे भरले, पीडीएफ काढली, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. रात्री फोन आला, "दादा, उद्या दहाला माणूस येतोय." मी मोटारसायकल काढली. तो स्क्रीनवरून वाचत गेला, मी फुलस्केपवर उतरवत गेलो. चौसष्ट नोंदी. दोन ठिकाणी प्रमाणाचा फोटो पुसट होता, म्हणून औषध दुकानाची बिलं शोधून जुळवली. झोपायला दीड वाजला.

म्हणून पैसे भरायच्या आधी दहा-बारा नोंदी टाका, त्यात दोन फोटो आणि एक तक्ता असू द्या, सगळं एक्सपोर्ट करा आणि दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनवर उघडून बघा. जोडाक्षरं नीट दिसतात का? तक्ता तक्ताच राहिला का? फोटो बरोबर आले का? अर्ध्या तासाचं काम आहे, पण "नंतर बघू" म्हणणारेच जास्त. ऑब्सिडियन मला यासाठीच आवडतं: नोंदी आपल्याच फोनवर मार्कडाऊन, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, अ‍ॅप गेलं तरी फाईल उघडते. जॉप्लिनही चांगलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि सिंक आपल्याच ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवरून करता येतं.

मोफत योजना आहे तशीच राहील असं धरून चालू नका. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत वापर ५० नोंदी आणि एका वहीवर आणला.

वर्षाची योजना स्वस्त दिसते, तरी पहिल्यांदा महिन्याचीच घ्या.

नेट बंद करून अ‍ॅप उघडून बघा. बागेत, घाटात, तळघरातल्या अभ्यासिकेत रेंज नसते, आणि नोंद नेमकी तिथेच लागते.

मराठीत शोधून बघा. "द्राक्ष" टाकल्यावर "द्राक्षांची" सापडतं का, "फवारणी" टाकल्यावर "फवारण्या"? आपलं लिखाण मराठीत आणि शोध फक्त इंग्रजीत चालणार असेल तर त्या प्रीमियमचा उपयोग काय?

फोटोंनी जागा भरली म्हणून नोट्सच्या अ‍ॅपला पैसे देऊ नका, आधी फोटो साफ करा.

आणि फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही. अ‍ॅन्ड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी तिथल्या सदस्यत्वांच्या पानावर जाऊन रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. जाहिरातींच्या ढिगात तो मेसेज न वाचता पुढे ढकलू नका. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा ठरलेल्या वर्गणीला दर वेळी ओटीपी विचारला जात नाही.