दुसऱ्या कार्लोसची वंशावळ कशी मांडावी

तळाशी स्पेनचा दुसरा कार्लोस (1661–1700) लिहा. वर वडील चौथा फिलिप, आई ऑस्ट्रियाची मारिआना. लग्न 1649 चं. मारिआनाची आई मारिया आना ही फिलिपची सख्खी बहीण, म्हणजे नवरा-बायको मामा-भाची. ('अंकल' म्हटलं की हे हरवतं, आपला 'मामा' नेमका.)

मारिया आना नावाच्या बायका या तक्त्यात तीन येतात, म्हणून जन्मवर्ष जोडा: 1551, 1574, आणि ही 1606 ची.

चौथा फिलिप आणि मारिया आना यांचे आईवडील, तिसरा फिलिप आणि मार्गारीटा, ही जोडी एकदाच लिहून तिच्याकडे दोन्ही बाजूंनी रेघा ओढा. दोनदा लिहिलीत तर वळसा (वडिलांकडून सामायिक पूर्वजापर्यंत वर जाऊन आईपर्यंत खाली येणारी वाट) दिसतच नाही. प्रत्येक वळशात माणसं चार: चौथा फिलिप, सामायिक पूर्वज, मारिया आना, मारिआना. म्हणून अर्ध्याचा चौथा घात, 1/16. पूर्वज दोन, बेरीज 0.125. हा कार्लोसचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाचं तेच जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळण्याची शक्यता.

इथे थांबाल तर चुकाल. मारिआनाचे आईवडील आते-मामेभावंडं, कारण मार्गारीटा तिच्या वडिलांची आत्या. त्यातून सहा जणांचे आणखी दोन वळसे, प्रत्येकी 1/64. शिवाय तिसऱ्या फिलिपचे आईवडील, दुसरा फिलिप आणि आना (लग्न 1570), हेही मामा-भाचीच! सगळे वळसे धरून जनुकशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये काढलेला आकडा 0.254.