आंबा कोंबुचा: गढूळपणा आणि झाकण उघडताच फवारा

ठाण्यात मे महिन्यात ओट्यावरच्या कोंबुचाच्या (आंबवलेल्या गोड चहाच्या) बाटलीत यीस्ट झपाट्याने काम करतं. त्यात ५०० मिली कोंबुचाला ३ मोठे चमचे हापूसचा रस घातला, तर दोन दिवसांत फवारा ठरलेलाच. मी रस १ चमच्यावर आणला, तोही मलमलच्या फडक्यातून गाळून. गढूळपणा बराचसा गराचाच होता. वर दोन बोटं जागा सोडायची. एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची भरायची: दाबल्यावर दगडासारखी लागली, की सगळ्या लगेच फ्रिजमध्ये. २४ तासांत गॅस पेयात मुरतो, यीस्ट तळाशी बसतं. हळूच ओतायचं, तळाचा पांढरट थर बाटलीतच राहू द्यायचा. चौकोनी शोभेच्या काचेच्या बाटल्या अजिबात नकोत. दाब कोपऱ्यांवर येतो आणि त्या फुटतात.