कोल्ड ब्रू घरच्या घरी

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की गरम कॉफी नकोशी होते. अशा वेळी कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेली कॉफी, करून ठेवा. इन्स्टंट पावडर मात्र चालणार नाही, ती नुसती विरघळते. भाजलेल्या बिया हव्यात, त्याही रव्यासारख्या जाडसर दळलेल्या आणि शक्यतो चिकोरी नसलेल्या. बारीक पूड घेतली तर गाळताना कंटाळाल, शिवाय कॉफी गढूळ आणि कडवट होते.

१०० ग्रॅम कॉफीला ८०० मिली गार पाणी. काचेच्या बरणीत ढवळा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये १६ ते १८ तास विसरून जा. ओट्यावर १२ तास पुरतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजच बरा. गाळायला चक्क्याचं स्वच्छ फडकं उत्तम (आंबट वास नसलेलं, हे सांगायलाच हवं!). चक्का पिळतो तसं मात्र पिळू नका. निथळेल तेवढंच घ्या, नाहीतर गाळ उतरतो.

गार पाण्यात आंबट-कडू अंश कमी उतरतात, म्हणून चव सौम्य लागते. कॅफिन मात्र भरपूर असतं, रात्री जपून. बर्फ किंवा दूध घालून प्या. दूध न घालता फ्रिजमध्ये चार-पाच दिवस छान राहते.