पाचवी सुरू झाली? पहिल्या दोन महिन्यांत या चुका टाळा

"येतं तिला सगळं, पण धांदरटपणा फार!" पाचवीची पहिली चाचणी तपासून घरी आली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा चुकतं. दहा-अकरा वर्षांचं मूल उगाच काहीतरी लिहून ठेवत नाही. त्याच्या चुकलेल्या उत्तरामागेही त्याची स्वतःची एक रीत असते. ती रीत सापडली तर दुरुस्ती सहसा अवघड नसते. सापडली नाही, तर तशीच पन्नास गणितं घालूनही चूक जागची हलत नाही.

म्हणून सुरुवातीच्या या दिवसांत पहिली चूक टाळायची ती म्हणजे गुण पाहून पेपर मिटून ठेवण्याची. चुकलेलं एक गणित घ्या आणि "हे कसं केलंस, मला सांग" एवढंच म्हणा. मध्ये बोलू नका. चूक कुठे झाली हे बऱ्याचदा मूल सांगता सांगता स्वतःच दाखवून देतं.

शून्य आलं की गाडी अडते

पाचवीत संख्या मोठ्या होतात आणि बरेचसे घोटाळे शून्यापाशी होतात. "तीन लाख पाच हजार चाळीस" अंकांत लिहायला सांगा. उत्तर ३०५०४० यायला हवं. कुणी ३५०४० लिहितं, कुणी ऐकलं तसं तुकडे जोडून ३००००० च्या पुढे ५००० आणि ४० लिहून मोकळं होतं. दोन्ही मुलांना "नीट लक्ष दे" सांगून उपयोग नाही, कारण रिकाम्या घरात शून्य का बसतं हेच त्यांना उमगलेलं नाही. लाख, दशहजार, हजार, शतक, दशक, एकक अशी घरं आखून द्या आणि संख्या त्यात बसवायला सांगा. काही दिवसांनी घरं न आखता करून पाहा.

वजाबाकीतही तेच. ५००० – १८७६ चं उत्तर ४८७६ आलं असेल, तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य. खरं उत्तर ३१२४. इथे 'उसने घेणे' पाठ करून घेण्यापेक्षा एक हजार सुटा करून त्याचे दहा शतक, त्यातल्या एका शतकाचे दहा दशक आणि त्यातल्या एका दशकाचे दहा एकक कसे होतात, हे खोट्या नोटांनी किंवा चिठ्ठ्यांनी एकदा करून दाखवा.

भागाकारातली चूक तर अगदी ठरलेली. ४२१८ ÷ ६. सहा सत्ते बेचाळीस, सात लिहिले. पुढचा एक खाली घेतला. एकात सहाचा भाग जात नाही, म्हणून मूल लगेच आठही खाली घेतं, सहा त्रिक अठरा म्हणतं आणि ७३ लिहितं. भाग गेला नाही तरी त्या घरात शून्य लिहायचं असतं, ते राहून जातं. बरोबर उत्तर ७०३. अशा वेळी शून्याचा नियम पुन्हा बजावण्याआधी अंदाज करायला लावा. ४२०० ला ६ ने भागलं की ७०० येतात, मग ७३ कसं चालेल? भागाकार करण्यापूर्वी कोपऱ्यात अंदाज लिहायची सवय लागली, तर पुढे दशांश अपूर्णांकांतही ती कामी येते.

अपूर्णांक: अंश-छेदांची सरसकट बेरीज

१/२ + १/३ = २/५. वर अंशांची बेरीज, खाली छेदांची बेरीज. मुलाच्या दृष्टीने यात वावगं काही नाही, कारण त्याने चार वेगळ्या संख्या पाहिल्या. तिथे लगेच लसावि काढायला शिकवणं ही आपली चूक. आधी विचारा, २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी. मग अर्ध्यात काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं झालं? इथे मूल थांबतं. मग चौकटीच्या वहीत सहा चौकटींची पट्टी रंगवायला द्या. अर्धी पट्टी म्हणजे तीन चौकटी, एक तृतीयांश म्हणजे दोन. मिळून पाच, म्हणजे ५/६. समच्छेद का करायचे, हे आता वेगळं सांगावं लागत नाही.

१/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटणं हीसुद्धा याच जातीची चूक. उपायही तोच, एकसारख्या दोन पट्ट्या आणि रंग.

'एकूण' म्हणजे बेरीज: हा शॉर्टकट शिकवू नका

शाब्दिक उदाहरणांत 'एकूण' आलं की बेरीज, 'जास्त' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, असे ठोकताळे आपणच प्रेमाने शिकवलेले असतात. मग हे उदाहरण येतं: "रमाकडे ४५ मणी आहेत. ते सीमाच्या मण्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. सीमाकडे किती?" मूल 'जास्त' पाहून ५७ लिहितं. उत्तर ३३ आहे. आकडे झाकून उदाहरण वाचायला लावा आणि "कोणाकडे जास्त आहेत?" एवढंच विचारा. गोष्ट समजल्याशिवाय आकड्यांना हात लावायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांनीच पाळावा.

उताऱ्यांचंही दुखणं हेच. "राजूने दप्तर कोपऱ्यात टाकलं, कोणाशी न बोलता तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं." राजूला कसं वाटत होतं? पुष्कळ मुलं उत्तर म्हणून हेच वाक्य उतरवून काढतात, कारण आधीच्या इयत्तांत बहुतेक उत्तरं उताऱ्यात जशीच्या तशी सापडायची. आता न लिहिलेलंही ओळखायचं आहे. "तुला हे कशावरून वाटलं?" हा प्रश्न रोजच्या वाचनात विचारत राहा. मूल सफाईदार वाचतं म्हणून त्याला समजलंच आहे, असं धरून चालू नका.

परिच्छेद लेखनाबद्दल थोडक्यात: लाल पेनाने सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एकदम दाखवू नका. आधी काय सांगायचंय ते कळतंय का पाहा, एका खेपेला एकच गोष्ट सुधारा.

प्रयोगाची वही 'बरोबर' करू नका

ही चूक मला सगळ्यांत जास्त टोचते. एका कुंडीतलं बी उजेडात, दुसरीतलं अंधारात, बाकी माती-पाणी सारखं. काही दिवसांनी मूल सांगतं की अंधारातलं रोप जास्त उंच झालंय. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "असं कसं होईल? उजेडाशिवाय वाढ होत नाही, तसं लिही." मूल खोडतं आणि शिकवलेलं वाक्य लिहितं. खरं म्हणजे त्याने पाहिलं तेच बरोबर होतं. बियांतल्या साठवलेल्या अन्नावर कोवळं रोप अंधारात उजेडाच्या शोधात भराभर लांब वाढतं. मात्र ते पिवळट, लुकडं आणि अशक्त असतं, आणि साठा संपला की कोमेजतं. त्यामुळे उंचीसोबत रंग, पानं आणि खोडाची जाडी यांचीही नोंद करायला सांगा, पण आकडा बदलू नका. प्रकल्पाचा तक्ता सुबक दिसावा म्हणून तो स्वतः रंगवणंही त्याच पंक्तीतलं.

कोनमापकाची अडचण मात्र सोपी आहे. त्यावर दोन उलटसुलट मापं असतात, म्हणून ६० अंशांचा कोन १२० होऊन बसतो. मोजण्याआधी कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा, हे मुलाने बोलून दाखवलं की बस्स.

दप्तर भरणं आणि गृहपाठ टिपून आणणं आता मुलाकडे द्या. एखादं पुस्तक विसरेल, विसरू दे.

महिनाभर प्रयत्न करूनही तीच चूक येत राहिली, तर परीक्षेची वाट न पाहता शिक्षकांना भेटा. "अभ्यासात कसा आहे?" असं मोघम विचारू नका. चूक दिसते ती वहीची दोन पानं सोबत न्या, मुलाने आपली रीत कशी सांगितली ते सांगा, आणि वर्गात ही गोष्ट कोणत्या पद्धतीने शिकवतात ते विचारून घरीही तीच पद्धत ठेवा.