सागवानी डेकला तेल: लावण्यापेक्षा पुसण्याकडे लक्ष द्या

पाऊस सरला की डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, फळ्या राखाडी पडतात आणि सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं खोबरेल चोपडा, कुणी गाडीचं जळकं ऑइल मारायला सांगतं, तर कुणी म्हणतं एकदाच पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करून टाका, कटकट संपली. रत्नागिरीजवळ खाऱ्या वाऱ्यातल्या आमच्या डेकला मी दरवर्षी स्वतः तेल देतो, आणि या तिन्ही सल्ल्यांनी बिघडलेल्या फळ्या मी खरवडल्या आहेत. खोबरेल सुकत नाही, ते खवट होतं आणि मुंग्या लागतात. जळकं ऑइल पायांबरोबर घरभर फिरतं. पीयू घरातल्या टेबलावर छान दिसतं, पण बाहेर लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात आकसतं. वरचा थर तेवढा ताणत नाही, तडकतो, आणि आत गेलेलं पाणी तिथेच कोंडतं. मग पापुद्रे सुटतात आणि अख्खा डेक घासून काढावा लागतो.

काजूच्या टरफलांचं तेल आपल्याकडे लाकडाला पूर्वीपासून लावतात. वाळवीसाठी ते खालच्या वाशांना जरूर लावा, हातमोजे घालून, कारण कातडीला लागलं तर फोड येतात. चालायच्या फळ्यांवर मात्र नको.

फळ्यांना हवं ते आत मुरून सुकणारं तेल. डेक ऑइल या नावाने मिळतं त्यातलं बुरशीनाशक असलेलं आणि तपकिरी छटेचं घ्या. उन्हातली अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा घटक, मोडतात, म्हणून करडेपणा येतो, आणि ती किरणं अडवायला तेलात रंगद्रव्य लागतं. बिनरंगी तेल दिलं तर काही महिन्यांत डेक पुन्हा राखाडी. नुसतं जवसाचं तेल आमच्या दमट हवेत बुरशीचं खाद्य ठरतं, एका पावसाळ्यात काळे ठिपके पडतात. करडा रंगच आवडत असेल तर तेल देऊच नका, तेवढ्याने सागवान कुजत नाही.

ऑक्टोबरात घाई नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथलं लाकूड वरून कोरडं दिसलं तरी आतून ओलं असतं. मी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबतो. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आकडा १५ टक्क्यांच्या खाली हवा.

साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे कण लाकडात राहतात आणि पुढच्या दवात काळे डाग उमटतात. साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळं पडतं ते याच कारणाने, स्टेनलेसचे स्क्रू बसवा. डाग असतील तर लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घालून लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. ते विषारी आहे, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा. दोन-तीन दिवस वाळू द्या. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, फार तर १००. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल आत शिरत नाही.

आता तेल. पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. जाड थर दिला म्हणजे जास्त टिकेल असं समजून सढळ हाताने ब्रश मारला आणि तसंच सोडून दिलं. आठवडा झाला तरी डेक चिकट. धूळ बसली, पानं चिकटली, पावलांचे ठसे उमटले. शेवटी टर्पेंटाईन आणि गोणपाट घेऊन दोन दिवस गुडघ्यावर बसून घासलं. लाकूड पितं तेवढंच तेल त्याचं. उरलेलं वर साचतं आणि त्याचा डिंक होतो.

म्हणून असं करा. दव उडाल्यावर सुरुवात करा, पण ऊन फळीवर येण्याआधी. तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आधीच वर साय धरतं. एका वेळी तीनच फळ्या घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पुऱ्या करा. मध्येच थांबलात तर जोडाचा पट्टा कायम दिसतो. थर पातळ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी जिथे चकाकी दिसेल तिथलं तेल जुन्या सुती कापडाने कोरडं होईस्तोवर पुसा. पुसून झाल्यावर फळीवर तळवा फिरवा, हात ओशट झाला तर पुन्हा पुसा. माझ्या मते मदतीला माणूस हवा तो याच कामाला: एक लावणारा, एक पुसणारा. तेलाचा दुसरा हात दुसऱ्या दिवशी, तोही लाकूड पीत असेल तरच. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र तीन-तीन वेळा द्या, पाणी तिथूनच शिरतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. असं तेल सुकताना तापतं, आणि दडपून ठेवलेला ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या दोरीवर मोकळ्या पसरा, वाळल्यावरच टाका.

दोन दिवस त्यावर चालू नका.

पुढे वर्षभर फार काम नसतं. फळ्यांमधल्या फटीतली पानं काढत राहा, कुंड्या पायांवर उचलून ठेवा, पावसाळ्यात शेवाळ धरलं की खराटा मारा. प्रेशरचं पाणी नको, लाकडाचे तंतू उभे राहतात. पुढच्या नोव्हेंबरात फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे टिकले तर तेलाचा डबा उघडूच नका. मुरले तर धुवून, वाळवून एक पातळ हात पुरतो, पॉलिश पेपरसुद्धा लागत नाही.